इंजिनांचा आवाज आणि झेंड्यांची भिंत

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची राजधानी टोपेका. तिथल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चचा कारभार मोठा शिस्तशीर होता. येत्या काही दिवसांत कुठल्या गावात, किती वाजता, कुणाच्या अंत्यविधीबाहेर निदर्शनं करायची, याचं वेळापत्रक ते लोक आधीच जाहीर करून टाकत. स्थानिक पोलिसांनाही रीतसर कळवत. ठरल्या वेळी फलक घेऊन उभे राहत, ठरल्या वेळी फलक गुंडाळून निघून जात. 2005 च्या उन्हाळ्यापासून या वेळापत्रकात इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांची नावं येऊ लागली. आणि ही माहिती आधी मिळत असल्यामुळेच पुढे त्यांच्याविरुद्ध एक फौज उभी राहू शकली.

चर्च म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसला हा पसारा नव्हता. सभासद सगळे मिळून काही डझन, आणि त्यातले बहुतेक एकाच कुटुंबातले. कुटुंबप्रमुख पाद्री फ्रेड फेल्प्स. यांनी 1955 मध्ये हे चर्च सुरू केलं. गृहस्थ पेशाने वकील. एके काळी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे खटले त्यांनी हिरिरीने लढवले होते. 1979 मध्ये त्यांची कॅन्सस राज्यातली सनद गेली, पण तोवर घरातली पुढची पिढी वकिलीकडे वळली होती. 1991 मध्ये टोपेकातल्या गेज पार्कमध्ये समलैंगिकांविरुद्ध फलक धरून त्यांनी निदर्शनं सुरू केली आणि मग ती कधी थांबलीच नाहीत. 1998 च्या ऑक्टोबरमध्ये वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या समलैंगिक विद्यार्थ्याची क्रूर हत्या झाली. फेल्प्स मंडळी त्याच्या अंत्यविधीलाही फलक घेऊन हजर झाली.

सैनिकांशी यांचं वैर कसलं? तर्क असा, की अमेरिका समलैंगिकांना सहन करते, म्हणून देव या देशाला शिक्षा करतो आहे आणि सैनिकांच्या शवपेट्या ही ती शिक्षा. तेव्हा प्रत्येक मृत सैनिकाबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत. फलकांवर नेमके हेच आभार ठळक रंगीत अक्षरांत लिहिलेले असत. गंमत अशी, की ज्या सैन्यावर हा राग, त्या सैन्यात उघडपणे समलैंगिक म्हणून राहायला कायद्यानेच बंदी होती. ती उठली 2011 च्या सप्टेंबरमध्ये. पण तर्कशुद्धतेची अपेक्षा ठेवावी असं हे प्रकरणच नव्हतं.

या मंडळींना हुसकावून लावणं दिसतं तितकं सोपं नव्हतं. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला शांतपणे फलक धरून उभं राहणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. पोलिस फार तर अंतर आखून देत. कुणी चिडून अंगावर धावून गेलं, तर कोर्टात फिर्यादी ठरणार फलकवाले आणि आरोपी ठरणार मृताचा भाऊ किंवा मित्र. समोर वकिलांचं घर आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कॅन्ससमध्येच, विचिटा शहराच्या दक्षिणेला मलव्हेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या जुन्या संघटनेची 136 क्रमांकाची शाखा आहे आणि त्या शाखेच्या मोटरसायकलवाल्यांचा एक गट. 2005 च्या ऑगस्टमध्ये या गटाच्या बैठकीत विषय निघाला: आपल्याच राज्यातले लोक जाऊन सैनिकांच्या मयतीत धिंगाणा घालतात, आपण काय करणार? चार-पाच जणांची एक समिती नेमली गेली. तीत टेरी हाउक होते. मोटरसायकलवाल्यांत प्रत्येकाला एक टोपणनाव असतं, त्यांचं होतं ‘डार्कहॉर्स’. समितीने आधी फोन उचलले ते पोलिसांना आणि मृतांच्या कुटुंबांना. आम्ही आलो तर चालेल का, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न विचारणारे लोक कोण होते, हे नीट कळायचं तर साठ वर्षं मागे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसन कंपनीने ‘डब्ल्यूएलए’ हे लष्करी मॉडेल आणि त्याची कॅनडासाठीची आवृत्ती मिळून सुमारे 90,000 मोटरसायकली बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळशा लष्कराने स्वस्तात विकायला काढल्या. घेणारेही तयारच होते. विशी-पंचविशीतले, युद्धावरून परतलेले तरुण. चार वर्षं जिवावरच्या धोक्यात काढल्यावर नऊ ते पाचची नोकरी आणि घराभोवतीची हिरवळ कापणं त्यांना रुचेना. टोळ्या करून ते गावोगाव भटकू लागले. 1947 च्या 4 जुलैच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या गावी मोटरसायकल मेळा भरला. गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, पोलिस सात, आणि पाहुणे जवळपास गावाइतकेच. दारू, शर्यती, थोडी मारामारी असं व्हायचं ते झालं. ‘लाइफ’ मासिकाने एक छायाचित्र छापलं: रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात उभी मोटरसायकल आणि तिच्यावर रेललेला, हातात बाटली घेतलेला जाडा स्वार. तो फोटो मुद्दाम जुळवून काढलेला होता असं पुढे अनेकांनी सांगितलं. पण उपयोग काय? 1953 मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला आणि चामडी जाकिटातला मोटरसायकलवाला म्हणजे गुंड, हे समीकरण अमेरिकेच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यातले कितीतरी जण नॉर्मंडी नाहीतर पॅसिफिक पाहून आलेले होते, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

व्हिएतनामची तऱ्हा याहून वाईट. महायुद्धातले सैनिक पलटणीबरोबर जहाजातून परतले, त्यांच्यासाठी मिरवणुका निघाल्या. व्हिएतनाममध्ये बहुतेकांची नेमणूक वर्षभराची आणि ज्याची त्याची स्वतंत्र. तारीख भरली की माणूस एकटाच विमानात बसे आणि दोन-तीन दिवसांत जंगलातून थेट आपल्या गावच्या बसस्टँडवर पोचे. ज्या युद्धाची देशालाच लाज वाटू लागली होती, त्या युद्धातून आलेल्याचं स्वागत कोण करणार? यातले बरेच जण पुन्हा मोटरसायकलींकडे वळले. 1982 मध्ये वॉशिंग्टनला माया लिन यांनी रचलेली काळ्या दगडाची भिंत उभी राहिली, 58,000 च्या आसपास नावं कोरलेली. 1988 च्या मेमोरियल डेच्या, म्हणजे मृत सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, सुट्टीत, युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचं काय झालं हे सरकारला विचारण्यासाठी, सुमारे अडीच हजार मोटरसायकली पेंटागॉनच्या वाहनतळावरून त्या भिंतीकडे निघाल्या. मोर्चाचं नाव ‘रोलिंग थंडर’. उत्तर व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीच्या मोहिमेचंच हे नाव, आणि शेकडो इंजिनं एकदम सुरू झाल्यावर होणाऱ्या आवाजालाही ते शोभणारं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातून त्या भिंतीपर्यंत देश आडवा ओलांडणारी ‘रन फॉर द वॉल’ ही यात्रा सुरू झाली. 1993 मध्ये मिशिगनमधल्या गार्डन सिटी गावात लीजनच्या स्वारांचा पहिला गट बांधला गेला. मलव्हेनचे लोक त्याच वेलीवरचे.

म्हणजे 2005 मध्ये हाताशी तयार काय होतं? एकत्र चालवायची सवय, ताफ्याची शिस्त, लष्करी वळण, आणि आपल्या वाट्याला जे आलं ते या पोरांच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही ही ईर्षा. फेल्प्स मंडळींनी नकळत या सगळ्याला एक काम दिलं.

मलव्हेनच्या समितीने जे नियम केले, त्यांत या चळवळीचं सगळं शहाणपण आहे. कुटुंबाने बोलावल्याशिवाय जायचं नाही. निदर्शकांशी बोलायचं नाही, त्यांना शिव्या द्यायच्या नाहीत, हात तर अजिबात लावायचा नाही. कायद्याच्या चौकटीबाहेर काही करायचं नाही. आपण प्रतिमोर्चा काढायला आलेलो नाही, पाहुणे म्हणून आलो आहोत. निदर्शक आणि घरचे लोक यांच्या मध्ये उभं राहायचं, निदर्शकांकडे पाठ करून. ज्यांच्या दंडावर गोंदण, छातीवर दाढी आणि अंगात पाच माणसांचं बळ, अशा लोकांना काहीही न करण्याची सक्ती! ती त्यांनी पाळली, ही या हकिकतीतली सगळ्यात अवघड गोष्ट. काही वेळा फलकवाल्यांचा घोषा फार चढला, तर तो बुडवण्यापुरती इंजिनं चढवली जात.

ऑक्टोबर 2005 मध्ये ओक्लाहोमातल्या चेल्सी या गावी अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका सार्जंटचा अंत्यविधी होता. कॅन्ससचे स्वार राज्याची सीमा ओलांडून गेले, ओक्लाहोमाचे त्यांना मिळाले. याच सुमारास ओक्लाहोमातल्या ब्रोकन ॲरो गावच्या जेफ ब्राउन यांनी, टोपणनाव ‘ट्विस्टर’, विचार केला की हे काम एका राज्याच्या आवाक्यातलं नाही. उद्या मेनमध्ये मयत असेल, परवा टेक्सासमध्ये. निदर्शक विमानाने जाऊ शकतात, मोटरसायकलवाले कॅन्ससहून किती ठिकाणी धावणार? त्यांनी देशभरच्या क्लबांना हाक घातली आणि वर्ष संपायच्या आत ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ हे नाव सगळीकडे झालं. पहिल्या काही महिन्यांतच सभासद हजारोंनी वाढले. सभासद व्हायला वर्गणी नव्हती. माजी सैनिक असण्याची अट नव्हती. आणि खरं सांगायचं तर मोटरसायकल असण्याचीही नव्हती. युद्ध बरोबर की चूक, हे कुणी विचारत नसे. इराकचं युद्ध मूर्खपणाचं आहे असं मानणारा आणि बुश यांना दोनदा मत दिलेला, असे दोघे एकाच रांगेत झेंडा धरून उभे राहू शकत.

प्रत्यक्ष काम चालतं ते असं. घरचे लोक किंवा अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक विनंती करतो. त्या भागाचा राइड कॅप्टन पोलिसांशी बोलतो, रस्ता पाहून येतो आणि वेळ कळवतो. वेळ सांगितली जाते ती निघण्याची, ‘किकस्टँड्स अप’ अमुक वाजता. त्या मिनिटाला सगळ्यांचे स्टँड वर गेले पाहिजेत. त्याआधी एका पेट्रोल पंपाच्या आवारात मंडळी जमतात. एखाद्या जुन्या ट्रेलरमधून झेंडे निघतात, पाच फूट लांब, तीन फूट रुंद, प्रत्येकाला एक. कॅप्टन गाडीवर उभा राहून सूचना देतो: रांगेची कोणती बाजू कुणी धरायची, शवपेटी येताना कुणाच्या इशाऱ्यावर सलाम, मोबाइल बंद, तंबाखू नको, घरच्यांशी आपण होऊन बोलायला जायचं नाही. चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी झेंडेधाऱ्यांची रांग लागते. हिला ते ‘फ्लॅग लाइन’ म्हणतात. निदर्शक असतील त्या बाजूला रांग दाट करतात, झेंड्याला झेंडा लागेल अशी, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्या आईला पलीकडचा फलक दिसू नये.

लांबून हे देखणं दिसतं. जवळून पाहिलं तर दमवणारं आहे. वारा असेल तर एवढं कापड शिडासारखं ताणतं आणि काठी मनगटात पिळते. डकोटातल्या जानेवारीत उणे तापमानात, टेक्सासच्या ऑगस्टमध्ये चाळिशीपलीकडच्या उन्हात, चामडी जाकिटावर, तास-दीड तास. मधूनच कुणी पाण्याच्या बाटल्या घेऊन रांगेमागून फिरतं. मग ताफा निघतो. शववाहिकेपुढे दोन-दोनच्या जोडीने मोटरसायकली, मागे झेंडे फडफडणारे, वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त. मोठ्या मोटरसायकलला हाच वेग सगळ्यात जड जातो. हार्लेचं इंजिन बहुधा हवेवर थंड होतं, आणि हवा लागते ती धावल्यावर. रांगत चाललं की इंजिन तापतं, मांड्या भाजतात, क्लच दाबून डावा पंजा बधिर होतो, आणि साडेतीनशे किलोंहून जड यंत्र तोल जाऊन आडवं पडू नये म्हणून पाय सतत जमिनीशी. कधी कधी ताफ्यात एका जोडीतली एक जागा मुद्दाम मोकळी सोडतात, न आलेल्या स्वारासाठी.

झेंड्यांची ही भिंत पहिलीच नव्हती, हेही नोंदवायला हवं. शेपर्डच्या खुन्यांपैकी एकावरचा खटला 1999 च्या एप्रिलमध्ये वायोमिंगमधल्या लॅरमी गावात उभा राहिला, तेव्हा फेल्प्स मंडळी तिथेही आली. शेपर्डची मैत्रीण रोमेन पॅटरसन हिने प्लास्टिकच्या पाइपांचे सांगाडे केले, त्यांवर पांढऱ्या चादरी ताणल्या आणि देवदूतांचे प्रचंड पंख बनवले. ते पंख लावून तरुण मुलं-मुली एक शब्द न बोलता निदर्शकांपुढे पाठ करून उभी राहिली आणि फलक झाकले गेले. सहा वर्षांनी कॅन्ससच्या दाढीवाल्यांनी तीच युक्ती केली, पंखांऐवजी राष्ट्रध्वज घेऊन. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं म्हणायला आधार नाही. दोन्ही गट एका टेबलावर जेवायला बसले असते की नाही, याचीही शंकाच आहे. पण समोरच्याला गप्प करता येत नसेल तर दिसेनासं करावं, हे दोघांनाही सुचलं.

सरकारही स्वस्थ बसलं नव्हतं. 2006 च्या मेमोरियल डेला, 29 मे रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. राष्ट्रीय लष्करी दफनभूमीच्या प्रवेशद्वारापासून 300 फुटांच्या आत, अंत्यविधीच्या आधी आणि नंतर एक-एक तास निदर्शनांना बंदी. 2012 मध्ये हा काळ दोन-दोन तासांचा झाला. चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे केले. पण अंतर फुटांत मोजणाऱ्या कायद्याचा जोर तेवढ्या फुटांपुरताच.

ते सिद्ध झालं ‘स्नायडर विरुद्ध फेल्प्स’ खटल्यात. मॅथ्यू स्नायडर हा मरीन 2006 च्या मार्चमध्ये इराकमध्ये मृत्यू पावला. मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर गावी त्याच्या अंत्यविधीला सात निदर्शक आले. चर्चपासून सुमारे 1,000 फूट लांब, पोलिसांनी दाखवलेल्या जागी, अंत्यविधीच्या आधी अर्धा तास उभे राहिले. वडील अल्बर्ट स्नायडर यांना जाताना फलकांची वरची टोकं तेवढी दिसली. त्यांवर काय लिहिलं होतं ते त्यांनी संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांत पाहिलं. त्यांनी दावा लावला. 2007 मध्ये बॉल्टिमोरच्या ज्यूरीने एक कोटी नऊ लाख डॉलरची भरपाई सुनावली, न्यायाधीशांनी ती 50 लाखांवर आणली, आणि वरच्या कोर्टाने सगळाच निकाल फिरवला. इतकंच नाही, अपिलाच्या खर्चापोटी 16,510 डॉलर मुलगा गमावलेल्या बापाने फेल्प्स मंडळींना द्यावेत असा आदेश झाला. देशभर संतापाची लाट उसळली. सुप्रीम कोर्टात फेल्प्स यांची बाजू त्यांच्या मुलीनेच, मार्जी फेल्प्स यांनी, मांडली. 2 मार्च 2011 रोजी निकाल लागला: आठ विरुद्ध एक, फेल्प्स यांच्या बाजूने. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की सार्वजनिक जागी सार्वजनिक प्रश्नावर केलेलं बोलणं कितीही जिव्हारी लागलं तरी त्यासाठी शिक्षा देता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती अलिटो.

निकाल कडू होता, पण मलव्हेनच्या समितीने सहा वर्षांपूर्वी जी चाल निवडली ती किती नेमकी होती, हेही त्यातून दिसलं. झेंडा धरून रस्त्यावर उभं राहणं हेही सार्वजनिक जागी केलेलं भाष्यच. फेल्प्स यांना जो हक्क, तोच स्वारांना. फरक माणसांच्या संख्येत होता: सातांपुढे कधी सत्तर, कधी सातशे.

2014 च्या मार्चमध्ये फ्रेड फेल्प्स वारले. तोवर चर्चची निदर्शनं रोडावली होती, युद्धातून येणाऱ्या शवपेट्याही कमी झाल्या होत्या. ज्या कामासाठी संघटना जन्माला आली ते काम जवळजवळ संपलं. अशा वेळी संघटना एक तर विझतात, नाहीतर आपसांत भांडू लागतात. इथे संघटना विझली नाही, कारण दरम्यान स्वारांच्या लक्षात आलं होतं की निदर्शक नसले तरी कुटुंबं बोलावतातच.

यामागे एक व्यावहारिक बदलही होता. 2006 संपेपर्यंत मृत सैनिकाची शवपेटी डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावरून घरच्या गावी जायची ती बहुधा प्रवासी विमानाच्या सामानकक्षातून, मोठ्या विमानतळावर, इतर मालाबरोबर. सॅन दिएगोच्या एका दांपत्याने, जे स्वतः लष्करात काम केलेले होते, आपला मुलगा असा येणार हे कळल्यावर आवाज उठवला. कायदा बदलला. 2007 च्या जानेवारीपासून शवपेट्या भाड्याच्या छोट्या जेट विमानांतून घराजवळच्या लहानशा धावपट्टीवर येऊ लागल्या. डोव्हरवर छायाचित्रं काढायला 1991 पासून बंदी होती, ती 2009 पर्यंत टिकली. त्यामुळे जनतेला परतणारा सैनिक पहिल्यांदा दिसायचा तो तिथे नाही, या गावच्या धावपट्टीवर. आणि धावपट्टीपासून घरापर्यंतच्या वीस-तीस किलोमीटरला सोबत लागे. महाराष्ट्रात जवानाचं पार्थिव गावी येतं तेव्हा ही सोबत कुणाला ठरवावी लागत नाही. दुचाक्यांना तिरंगे लावून पंचक्रोशीतली पोरं फाट्यावर येऊन थांबलेली असतात, ‘अमर रहे’च्या घोषणांत गाडी वेशीत शिरते. अमेरिकेतल्या उपनगरात शेजारच्या घरात कोण राहतं याचा पत्ता नसतो. तिथे ही पंचक्रोशी गोळा करून आणावी लागते.

दुसरीकडे महायुद्धातली आणि कोरियातली पिढी संपत चालली होती, रोज शेकड्यांनी. 2000 सालापासून कायद्याने प्रत्येक पात्र माजी सैनिकाला लष्करी मानवंदनेचा हक्क आहे: किमान दोन गणवेशधारी, शवपेटीवरचा राष्ट्रध्वज त्रिकोणी घडी घालून घरच्यांच्या हाती देणं, आणि ‘टॅप्स’. 1862 मध्ये यादवी युद्धाच्या छावणीत जनरल बटरफिल्ड यांनी बसवलेली चोवीस सुरांची ही धून. पण ती वाजवणारे कुठून आणायचे? बिगुल वाजवणारे पुरेनात म्हणून 2003 च्या सुमारास लष्कराने बिगुलाच्या तोंडात बसणारं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र मान्य केलं. सैनिक कळ दाबतो, बिगुल ओठांना लावतो, काही सेकंदांनी ध्वनिमुद्रित धून सुरू होते. गालही फुगवावे लागत नाहीत. नाइलाज, दुसरं काय! अशा ठिकाणी दोन सैनिक, एक यंत्र आणि म्हातारी बायको एवढंच उरतं तेव्हा मागे उभे असलेले वीस अनोळखी स्वार फार मोठे दिसतात. आणि जिथे बायकोही नसते, तिथे घडी घातलेला झेंडा बरेचदा त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी हातात दिला जातो.

फार दूरवरची सोबत ज्याला मिळाली तो माणूस कुणाच्याच ओळखीचा नव्हता. ऑरेगन राज्यात सेलम इथे सरकारी मनोरुग्णालय आहे, ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’चं चित्रीकरण झालं तेच. 2004 मध्ये तिथल्या एका खोलीत फळ्यांवर रचलेले तांब्याचे सुमारे साडेतीन हजार डबे सापडले. गंजून हिरवे-निळे पडलेले. प्रत्येकात कुणी न नेलेल्या एका रुग्णाची रक्षा. त्यातला एक डबा ज्युएट विल्यम्स याचा. मूळ गाव देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यातलं हॉजडन. 1864 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, तो विसाव्या मेन पलटणीत भरती झाला, 1865 च्या एप्रिलमध्ये ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या जनरल ली यांनी शरणागती पत्करली तेव्हा ती पलटण तिथे होती. पुढे पोटापाण्यासाठी पश्चिमेकडे सरकत सरकत तो ऑरेगनला पोचला आणि 1922 मध्ये त्या रुग्णालयात वारला. रक्षा न्यायला कुणी आलं नाही. चौऱ्याण्णव वर्षं गेली.

2016 च्या ऑगस्टमध्ये पेट्रियट गार्डच्या स्वारांनी ती रक्षा सेलमहून उचलली. एका राज्याच्या स्वारांनी सीमेपर्यंत न्यायची, पुढच्या राज्याच्या स्वारांच्या हवाली करायची. रॉकी पर्वत, मधली सपाट मक्याची राज्यं, मग व्हर्जिनियात ॲपोमॅटॉक्सला मुद्दाम वळसा, जिथे तो विशीत बंदूक घेऊन उभा होता, आणि तिथून उत्तरेला मेन. सप्टेंबरमध्ये हॉजडनला लष्करी इतमामात दफन झालं. विल्यम्स भरती झाला तेव्हा मोटरसायकल हे यंत्र अस्तित्वातही नव्हतं.

ही काही एकटी घटना नव्हे. बेवारस अस्थी शोधून त्यांतले सैनिक ओळखण्याचं काम करणारी ‘मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट’ ही संस्था 2007 च्या सुमारास उभी राहिली आणि तिला जोडीला स्वार मिळाले. पर्ल हार्बरला 1941 मध्ये उलटलेल्या ‘ओक्लाहोमा’ युद्धनौकेवर 429 जण गेले होते. त्यांतल्या 388 जणांची ओळख पटली नव्हती. 2015 पासून होनोलुलूच्या दफनभूमीतल्या थडग्यांतून अवशेष काढून डीएनए तपासणी झाली आणि साडेतीनशेहून अधिक जणांना नावं परत मिळाली. मग आयोवातल्या नाहीतर विस्कॉन्सिनमधल्या एखाद्या लहान विमानतळावर पाऊणशे वर्षांपूर्वी मेलेला खलाशी उतरे. घ्यायला आलेले पुतणे स्वतःच सत्तरीचे, त्यांनी काकाला फोटोतच पाहिलेलं. बाहेर मोटरसायकलींची रांग.

अटलांटिकपलीकडे ब्रिटनमध्येही असंच काही घडलं, जरा निराळ्या पद्धतीने. वूटन बॅसेट या गावातून 2007 ते 2011 या काळात मृत सैनिकांच्या गाड्या जात, आणि गावकरी प्रत्येक वेळी रस्त्याच्या दुतर्फा मुकाट उभे राहत. 2010 च्या मार्चमध्ये एका रविवारी हजारो मोटरसायकलस्वारांनी त्या गावातून फेरी काढली. ती अंत्ययात्रा नव्हती. गावाचे आभार मानायला आलेले ते लोक होते.

आता या स्वारांचंच वय झालं आहे. व्हिएतनामवाले सत्तरीपलीकडे गेले. वॉशिंग्टनची रोलिंग थंडर यात्रा मूळ संघटनेने 2019 नंतर थांबवली, खर्च आणि पेंटागॉनच्या वाहनतळाच्या कटकटी परवडेनात म्हणून. आता दुसरी माजी सैनिक संघटना ती निराळ्या नावाने चालवते. मेन राज्यातून वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीकडे दर डिसेंबरला पुष्पचक्रांचे ट्रक जातात, त्यांना 2006 पासून स्वारांची सोबत असते. ती सोबत करणाऱ्यांतही केस पांढरे झालेलेच अधिक. चालीच्या वेगात जड मोटरसायकल तोलणं हे तरुण गुडघ्यांचं काम, ते आता झेपत नाही. हार्लेने 2009 च्या मॉडेलांत मागे दोन चाकं असलेली ‘ट्राय ग्लाइड’ काढली, आणि अंत्ययात्रांच्या ताफ्यांत अशा तीनचाकी दिसू लागल्या. ज्यांना तेही जमत नाही ते आपल्या मोटारीत बसतात, धोक्याचे दिवे चालू करतात आणि ताफ्याच्या शेपटाला लागतात. तो नियम पहिल्या दिवसापासून होताच: मोटरसायकल असलीच पाहिजे असं नाही.